आपल्यातच असते का वं हे?

ट्रेनमध्ये कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि मी "बार्शीटाकळी" म्हटलं, की समोरचा हमखास म्हणतो, "अच्छा, म्हणजे सोलापूर!" नाही हो. ती बार्शी. आमचं बार्शीटाकळी अकोल्यापासून वीसेक किलोमीटरवर, जुन्या हेमाडपंती देवळाचं गाव, माझं आजोळ. हा घोळ मी कॉलेजपासून निस्तरतेय. आज मात्र दोन्ही गावं एकाच कॉलममध्ये येणार आहेत, तेव्हा फरक लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वी डेडलाइनच्या ऐन गडबडीत मामेबहिणीचा, म्हणजे ताईचा, व्हॉट्सअ‍ॅप आला. एक रिपोर्ट आणि खाली एकच ओळ: "तू पेपरवाली आहेस, हे काय हाय ते सांग." रिपोर्टवर लिहिलं होतं, फायलोड्स ट्यूमर, बेनाइन.

ताई तेव्हा ३१ वर्षांची. छातीत बोराएवढी गाठ बरीच आधी लागली होती. "या वयात अशा गाठी होतात, फायब्रोअडेनोमा असेल," असं कुणी डॉक्टर म्हणाले आणि विषय संपला. मग चार महिन्यांत बोराचं लिंबू झालं, लिंबाचं संत्रं. तरी ती गप्प. का? तर धाकटीला बघायला पाहुणे येत होते! अशा वेळी घरात गाठीचं नाव कोण काढणार?

मी फोन केला तर मामीनेच उचलला. "अवं पोरी, हे आपल्यातच असते का वं? आपल्या खानदानात त कोणालेच नाई."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे धाकटीचं लग्न होतं. आणि गंमत बघा, जगभरचे संशोधक वेगळ्या भाषेत हाच प्रश्न विचारतायत.

आधी ही बया कोण ते सांगते. स्तनातल्या सगळ्या गाठींत फायलोड्सचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. जर्मनीच्या योहानेस म्युलर यांनी १८३८ मध्ये तिला नाव दिलं. ग्रीक भाषेत 'फायलॉन' म्हणजे पान. गाठ कापली की आत पानांसारखे पदर दिसतात, म्हणून फायलोड्स. जुन्या नावात 'सार्कोमा' हा शब्दही होता, त्यामुळे नेटवर शोधणारा अर्धा तिथेच गार होतो. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक गाठी बेनाइन, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. काही मधल्या, थोड्या मॅलिग्नंट. पण बेनाइन असली तरी ती भराभर वाढते आणि नीट काढली नाही तर त्याच जागी परत उगवू शकते. म्हणून सर्जन ती काढताना भोवतीचा थोडा निरोगी भागही काढतात.

आता 'आपल्यात'चा मुद्दा. पाश्चात्त्य पुस्तकांत हिचं वय चाळिशी-पंचेचाळिशी दिलेलं असतं. आशियाई बायकांत मात्र ती त्याहून कमी वयात सापडते. म्हणजे ते पुस्तक डोळ्यांपुढे ठेवून तिशीतल्या मुलीला "तुझं वय नाही" म्हणणं किती धोक्याचं, बघा.

मग हे रक्तातच आहे का? इथे लॉस एंजेलिसची गोष्ट ऐका. १९९३ मध्ये तिथला एक अभ्यास छापून आला. मॅलिग्नंट फायलोड्सचं प्रमाण निघालं दर दहा लाख बायकांमागे वर्षाला सुमारे दोन. लॅटिन अमेरिकी वंशाच्या बायकांत ते जास्त होतं. पण त्यांच्यातही, अमेरिकेबाहेर जन्मलेल्यांना हा धोका अमेरिकेत जन्मलेल्यांच्या तिपटी-चौपटीने! वंश तोच, जन्मगाव वेगळं. म्हणजे सगळा दोष काही रक्ताचा नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या, साध्या स्तनाच्या कॅन्सरचं. मुंबईत १९६० च्या दशकात कॅन्सरची नोंदणी सुरू झाली आणि आकडे बोलू लागले: पारशी बायकांत हा कॅन्सर इतरांपेक्षा जास्त. कारणं शोधताना उशिरा लग्न, उशिरा आणि कमी मुलं याच गोष्टी पुढे आल्या. फॉर्मवर जात-धर्माचा रकाना असतो, पण त्याच्या आड पूर्ण आयुष्य लपलेलं असतं.

आणि खानदान? सिंगापूरच्या संशोधकांना २०१४ मध्ये फायब्रोअडेनोमात मेड१२ नावाच्या जनुकातला बदल सापडला. पुढे तोच फायलोड्समध्येही दिसला. हा बदल गाठीतल्या पेशींतच घडतो, आईकडून लेकीकडे येत नाही. मी मामीला हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मंग धाकटीले काई नाई ना?" बहुतेक वेळा नाहीच, मामी.

आता ती दुसरी बार्शी, सोलापूरची. १९८७ मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगावी माणसं जायची, नुसती मोजायची नाहीत तर लक्षणं समजावून सांगायची. काही वर्षांत दिसलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. नवं औषध नाही, महागडं मशीन नाही. कुणीतरी दारात येऊन विचारलं, एवढंच!

ताईला असं कुणी विचारलंच नाही. मीही नाही. दर दिवाळीला आजोळी जाते, फराळ खाते, गप्पा हाणते...

ताईचं ऑपरेशन झालं. आता दर सहा महिन्यांनी तपासणी. धाकटीचं लग्नही झालं, आणि सासरच्यांना ताईनेच सगळं आधी सांगितलं.

तुम्ही ऑफिसात एसीत बसून हे वाचताय, तुमच्यासाठी दोनच गोष्टी. एक, गाठ दुखत नाही म्हणून आणि वय कमी म्हणून सोडू नका. वाढत असेल तर अजिबातच नाही. दोन, हातानं तपासणी, सोनोग्राफी आणि बायोप्सी या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. नुसत्या बारीक सुईच्या तपासणीत फायब्रोअडेनोमा आणि फायलोड्स जुळ्या बहिणींसारख्या दिसू शकतात. तेव्हा "हिच्यात फायलोड्स तर नाही ना?" हे डॉक्टरांना बिनधास्त विचारा.

आणि या सुट्टीत गावी गेलात, तर फराळाच्या ताटावर बहिणीला, वहिनीला, मामीला एकदा विचारा. लाजतील, विषय बदलतील. तरी विचारा. परवा मामीने मला फोनवर सुनावलंच, "दुसऱ्याले सांगत फिरतं, सोता तपासलं का?"

उद्याची अपॉइंटमेंट घेतलीय, मामी.