गुपित मोकळे करणारा काचशिल्पी



व्हेनिसच्या खाडीत मुरानो नावाचे एक लहानसे बेट आहे. आगीच्या भयाने व्हेनिसच्या शासनाने 1291 मध्ये काचेच्या साऱ्या भट्ट्या शहरातून हलवून या बेटावर नेल्या. तेथे काचकारांना मान मिळाला, संपन्नता मिळाली; मात्र राज्य सोडून जाण्याची मुभा राहिली नाही. काचेची विद्या बाहेर जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. पुढे राज्य लयाला गेले, कायदेही गेले. परंतु आपली विद्या परक्याला सांगायची नाही, हा संस्कार कुळाकुळांतून तसाच राहिला.

याच बेटावर 1934 मध्ये लिनो तालियापिएत्रा यांचा जन्म झाला. शाळेशी त्यांचे फारसे जमले नाही. अकराव्या वर्षी ते आर्किमेदे सेगुसो या नामवंत काचकाराच्या भट्टीवर उमेदवारीला लागले. आधी पडेल ते काम, मग हाताखाली मदत, मग प्रत्यक्ष काच, अशी ती शिडी होती. विशी ओलांडता ओलांडताच त्यांना ‘माएस्त्रो’, म्हणजे उस्ताद, ही पदवी मिळाली.

ही विद्या केवळ पाहून येत नाही. फुंकनळीच्या टोकाशी वितळलेली काच मधासारखी ओघळत असते. नळी सतत फिरवत राहावी लागते. क्षणभर हात थांबला तर आकार एका अंगाला कलतो. फुंकर, चिमटा आणि पुन्हा भट्टीची धग हा क्रम चुकवून चालत नाही. पूर्ण झालेली वस्तूही हळूहळू थंड करावी लागते, नाहीतर ती तडकते. मुरानोच्या ‘रेतिचेल्लो’ या प्रकारात तर काचेचे दोन फुगे एकात एक बसवतात. एकातील बारीक रेषा उजवीकडे पिळलेल्या, दुसऱ्यातील डावीकडे. दोन्ही जुळले की काचेच्या अंगात जाळी उमटते आणि तिच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक सूक्ष्म थेंब अडकून राहतो.

तिकडे अमेरिकेत 1962 पासून हार्वी लिटलटन यांच्या प्रेरणेने कलावंत स्वतःच्या लहान भट्ट्या उभारू लागले होते. त्यांचे शिष्य डेल चिहूली यांनी 1971 मध्ये सिएटलच्या उत्तरेस पिलचक येथे काचकलेची शाळा काढली. या तरुणांकडे कल्पना होत्या, उत्साह होता. नव्हता तो सरावलेला हात. 1978 मध्ये लिनो यांचे मेहुणे केक्को ओंगारो तेथे शिकवून आले. पुढच्या वर्षी लिनो स्वतः गेले.

तेथे त्यांनी काहीही राखून ठेवले नाही. बेटाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या युक्त्या त्यांनी परक्या मुलांच्या हाती दिल्या. मुरानोत अनेकांना हे रुचले नाही. ज्यावर साऱ्या बेटाची चूल पेटते तेच या माणसाने वाटून टाकले, असा रोष त्यांना सोसावा लागला. तो रोष निराधार म्हणता येणार नाही. मात्र लिनो मागे हटले नाहीत; पुढेही ते पुन्हा पुन्हा शिकवायला जात राहिले.

देणाऱ्याचे काय झाले? कारखान्यात ठरलेले नमुने घडवण्यात आयुष्य गेलेल्या या उस्तादाला त्या मुलांकडून मोकळेपणा मिळाला. 1988 मध्ये चिहूली यांच्या ‘व्हेनेशियन्स’ या मालिकेची काच लिनो यांच्या हातून घडली. त्यानंतर, पन्नाशी उलटल्यावर, ते स्वतंत्र शिल्पकार म्हणून उभे राहिले. लांब, वळत जाणाऱ्या मानेचे ‘डायनोसॉर’, छताला टांगलेल्या काचेच्या होड्यांचा ताफा असलेले ‘एंडेव्हर’ ही शिल्पे या दुसऱ्या पर्वातली. ऐंशी वर्षे उलटल्यावरही ते भट्टीपुढे उभे होते.

भट्टीचा व्यवसाय श्रावकाचाराने अंगारकर्मात गणला आहे, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या व्यवसायाची भलामण करण्याचा येथे हेतू नाही. लक्ष वेधायचे आहे ते ज्ञानदानाकडे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरण कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. त्यांत निह्नव आणि मात्सर्य ही दोन आहेत. ठाऊक असूनही लपवणे, हा निह्नव. समोरचा पात्र असूनही तो आपल्या बरोबरीला येईल या भावनेने न देणे, हे मात्सर्य.

आपल्या समाजालाही हा अनुभव आहे. धवला टीकेच्या ताडपत्रीय प्रती मूडबिद्रीत शतकानुशतके जपल्या गेल्या. तो ठेवा उरला तो त्या जपणुकीमुळेच. ते ऋण मान्य केलेच पाहिजे. पण दीर्घकाळ श्रावकांना त्यांचे केवळ दर्शन घडे, अध्ययन नाही. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी प्रती व्हाव्यात म्हणून खटपट केली आणि अखेर 1939 मध्ये डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळा खंड पुरे होण्यास वीस वर्षे लागली. जपणाऱ्यांनी ग्रंथ राखला आणि देणाऱ्यांनी तो वाचकांपर्यंत नेला. दोघांचेही काम आवश्यक होते. परंतु दुसरे झाले नसते तर पहिल्याचे सार्थक कशात होते?

आता आपल्या घराकडे वळूया. जुन्या वहीतली मोडी वाचणारे एखादे आजोबा, पूजेचा संपूर्ण विधी मुखोद्गत असलेली एखादी आत्या, चातुर्मासातल्या पदार्थांची प्रमाणे हातानेच ओळखणारी आजी आपल्याकडे असते. ही माणसे गुपित राखत नसतात. बहुधा कोणी विचारलेलेच नसते. मग एक दिवस ती जातात आणि त्यांच्याबरोबर ती विद्याही जाते.

लिनोंना कोणीतरी बोलावले, म्हणून ते गेले. या महिन्यात घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला आपणही विचारावे, “हे मला शिकवाल का?” आणि आपल्याला कोणी असे विचारले, तर “नंतर पाहू” म्हणू नये.