पऱ्हाटी कचरा नाही, अन् आपली पेलेट म्हणजे इटलीची पेलेट नाही



उलंगवाडी झाली की दरवर्षी हेच चालू होतं. इटली नाहीतर ऑस्ट्रियातलं घर, बाहेर बर्फ, आत काचेमागं आग, अन् खाली लिहिलेलं: "एका पेलेट शेगडीवर अख्खं घर गरम! शेतकऱ्यांनो, तुमच्या पऱ्हाटीत सोनं आहे!" मागोमाग ट्रॉलीवाला हजर. तोंडानं सोनं म्हणतो अन् भाव कचऱ्याचा देतो.

त्या व्हिडिओत काय सांगत नाहीत ते आधी बघू.

१) तिथली पेलेट आरागिरणीच्या लाकडी भुशाची असते. घरगुती पहिल्या दर्जाच्या पेलेटला राख ०.७ टक्क्यावर चालत नाही, ओल १० टक्क्यांच्या आत लागते. आपल्या पऱ्हाटीची राख ३ ते ५ टक्के, भाताच्या तुसाची तर १५ च्या वर. त्यात पिकाच्या राखेत पोटॅश जास्त, म्हणून ती लवकर वितळते. वीटभट्टीत खंगर धरतो तसे गोळे जळणाच्या भांड्यात धरतात, हवा अडते अन् शेगडी गपगार. दोष पऱ्हाटीचा नाही, ती शेगडी तिच्यासाठी बनवलेलीच नाही.

२) "अख्खं घर" हा शब्द तर फारच मोठा. शेगडी मुळात एक खोली तापवते. बाकीच्या खोल्यांत ऊब न्यायला हवेची नळी नाहीतर गरम पाण्याची पाइपलाइन लागते. भिंती-खिडक्या ऊब धरणाऱ्या लागतात. पेलेट आत ढकलायला मोटर, हवेला पंखा, म्हणजे लाइट गेली की शेगडी बंद. लोडशेडिंगच्या गावाला हे कोणी सांगायचं?

३) एवढं करून हंगामाला दोन ते चार टन पेलेट जळते. एका एकरात वाळलेली पऱ्हाटी निघते टनाच्या आसपास. म्हणजे तिकडचं एक घर गरम करायला आपलं तीन-चार एकर रान झाडून न्यावं लागेल.

आता कोणी म्हणेल, घर गरम नको, स्वयंपाकाला तर चालेल? चालेल, पण हिशोब घाला. १४.२ किलोच्या सिलिंडरमधे साधारण दीड लाख किलोकॅलरी. पऱ्हाटीच्या पेलेटमधे किलोला ३,८०० धरा. गॅसची शेगडी उष्णतेतला ६८ टक्के भाग भांड्याला देते, पंख्याची पेलेट चूल ३५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरला ८० किलो पेलेट. तुमच्या गावातल्या भावानं गुणून बघा, मग चूल घ्या.

कृषी खात्यातले मित्र म्हणतील, गुलाबी बोंडअळी आहे, पऱ्हाटी रानात ठेवू नका. शंभर टक्के बरोबर. फरदड नको अन् धुऱ्यावर ढीग तर नकोच, अळी त्यातच दडते. पण "रानात ठेवू नका" म्हणजे "फुकट देऊन टाका" असं कुठं लिहिलंय? श्रेडरनं बारीक करून मातीत घाला. कोरड्या रानात ती लवकर कुजत नाही हे खरं, म्हणून शेणकाला नाहीतर थोडा युरिया द्या, पावसाळ्यात काम होतं. वाळल्या पऱ्हाटीत जवळपास ४५ टक्के कार्बन असतो. जाळला की तो गेला, नत्र अन् गंधकही धुरात गेलं. राहते राख, त्यात पोटॅश अन् चुना. तीही कारखान्यातच राहते. अन् आपण पुढच्या हंगामात पोटॅशची गोणी विकत आणतो!

पेलेटला माझा विरोध नाही. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पेलेट मिसळावी असं केंद्राचं धोरण २०१७ पासून आहे, म्हणजे मागणी आहे. गावातही ऊब लागते. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात, हळद शिजवायला जाळ लागतो. पऱ्हाटीच्या पेलेटची खरी जागा तिथं आहे.

पण द्यायची तर अटीवर द्या:
– ट्रॉलीच्या हिशोबानं नाही, वजनकाट्यावर.
– ओल समोर मोजून. ४० टक्के ओलीच्या एक टन पऱ्हाटीतून १० टक्के ओलीची साडेसहाशे किलोच पेलेट निघते. कपात करायची तर नियम आधी लिहून द्या.
– उपटणी, गोळा करणं, भरणी यांची मजुरी भावात वेगळी धरून.
– राख परत, निदान खताच्या भावात.
– सगळं रान झाडून एका वर्षात नाही. निम्मी पऱ्हाटी मातीला.

कृषी सहायक अन् विज्ञान केंद्रवाल्यांना एकच विनंती. पेलेटच्या कार्यक्रमात मशीन दाखवता, तसा त्याच मांडवात माती परीक्षणाचा सेंद्रिय कर्बाचा आकडाही दाखवा. दोन्ही बघून शेतकरी ठरवेल.

ज्या मालासाठी ट्रॉली दारात येते, त्याला कचरा म्हणायचं नाही. पटलं तर पुढं पाठवा, नाही पटलं तर हिशोब मांडून भांडा.