सव्वीस म्हणजे किती?

"सव्वीस म्हणजे किती?" असे गेल्या आषाढापूर्वी मला कोणी विचारले असते, तर मी त्या गृहस्थाकडे करुणेने पाहिले असते. पंचवीस आणि सत्तावीस यांच्या मध्ये जे नांदते ते सव्वीस, हे आमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा विद्यार्थीही सांगेल. आज मात्र तोच प्रश्न कोणी केला, तर मी त्याला आधी खुर्ची देईन, चहा मागवीन आणि मग हळूच विचारीन, "कुठले सव्वीस?"

या सदराच्या जुन्या वाचकांना माझा आणि यंत्रांचा स्नेह कितपत आहे हे ठाऊक आहेच. घरातला मिक्सर बिघडला, तर एखाद्या दुर्बोध कवितेकडे पाहावे तसा मी त्याच्याकडे पाहतो. म्हणजे आदराने आणि लांबून. सायकल तेवढी याला अपवाद. आमचे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. फॅक्टरी पश्चिमेला आणि आमचे घर पूर्वेला, कानसई सेक्शनात. वडिलांची काळी अठ्ठावीस इंची सायकल हे आमच्या घरातले पहिले वाहन आणि पुष्कळ वर्षे शेवटचेही. त्या सायकलीवर नळीच्या आत पाय घालून, म्हणजे 'कैची' मारून, मी शिकलो. आणि कॉलेजात गेल्यावर मला माझी स्वतःची, जरा ठेंगणी, सव्वीस इंची सायकल मिळाली. ती अजून आहे. गेली काही वर्षे ती जिन्याखाली उभ्याउभ्याच पेन्शन घेत होती.

गेल्या आषाढात डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून पाहिले आणि "सायकल चालवा" असे फर्मान काढले. सायकल बाहेर काढली, पुसली. चेनला तेल पाजले. दोन्ही टायर मात्र जुन्या वहीच्या पुठ्ठ्यासारखे तडकले होते. आता टायर कुठून घ्यायचे, या प्रश्नावर रात्री जेवताना आमच्या घरात परिषद भरली.

आमचे चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांच्याकडे गिअरची सायकल आहे आणि दर रविवारी पहाटे ते मित्रांबरोबर कधी नेवाळीवरून मलंगगडाच्या पायथ्याशी, तर कधी बारवी धरणाच्या रस्त्याला जातात. ते म्हणाले, "बाबा, मोबाईलवरून मागवा. दोन दिवसांत दारात." सौ. म्हणाल्या, "उल्हासनगरला जाऊन बघा. एकच तर स्टेशन." हे त्यांचे उत्तर लग्नाच्या शालूपासून कपाटाच्या कुलपापर्यंत सर्व प्रश्नांना लागू पडते, आणि बहुधा बरोबरही ठरते. शेजारचे गृहस्थ गॅलरीतून म्हणाले, "छे, छे, सायकलचा माल घ्यावा तर काळबादेवीला!" मला आपले वडिलांचे एक वाक्य आठवत होते. ते म्हणायचे, "जो आपल्याला हवा भरून देतो, ट्यूब त्याच्याकडूनच घ्यावी."

पण खोटे कशाला सांगू? मोबाईलवर जोडीमागे सव्वाशे रुपये वाचत होते. प्राध्यापकाच्या नीतिमत्तेची किंमत किती असते, असा प्रश्न कोणाला पडत असेल, तर तिचा हा आकडा निदान माझ्यापुरता नोंदवून ठेवावा. मी वडिलांचे वाक्य बाजूला सारले आणि 'सव्वीस' असे स्पष्ट लिहिलेले दोन टायर मागवले.

दोन दिवसांत ते आले. गुबगुबीत, खडबडीत, मोठे रुबाबदार टायर होते. ते चढवायला मी आणि चिरंजीव अंगणात बसलो. एक बाजू आत बसली की दुसरी बाहेर. आम्ही ओढले, ताणले, साबणाचे पाणी लावले, सौ.नी पोळीचा उलथना देऊ केला, तोही वाकवून परत केला. तासाभराने चिरंजीव घाम पुसत म्हणाले, "बाबा, हा टायर ह्या सायकलचाच नाही."

मग काय करतो? चाक एका खांद्याला, टायर दुसऱ्या खांद्याला, अशा थाटात मी स्टेशनपासून थोडे आत असलेल्या आमच्या सायकलवाल्या मामांच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक गाळा, बाहेर पाण्याची घमेली, एक उभा पंप आणि आढ्याला टांगलेले टायर. वडिलांच्या सायकलीचे दर वर्षीचे ओव्हरऑइलिंग याच दुकानात होई. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, टायरकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काय रे प्रोफेसर, बाहेरून आणलास?"

मी मान खाली घातली. त्यांनी टायरच्या कडेवरचे बारीक अक्षर बोटाने दाखवले. माझ्या जुन्या टायरवर लिहिले होते '२६ × १ ३/८'. नव्यावर होते '२६ × १.९५'. "तुझा अपूर्णांकाचा सव्वीस," मामा म्हणाले, "आणि हा टिंबाचा सव्वीस. दोघांचं जमत नाही."

घरी येऊन चिरंजीवांनी आणि मी या कोड्याचा छडा लावला, तो वाचकांच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सव्वीस हा आकडा रिमचा नाहीच. हवा भरलेल्या टायरची बाहेरून बाहेरपर्यंत जी उंची होते, तिचा तो अंदाज आहे. टायर जाड असेल, तर तीच सव्वीस इंचांची उंची गाठायला आतली रिम लहान लागते. टायर बारीक असेल, तर मोठी. माझ्या सायकलीच्या रिमवर टायरची कड जिथे बसते, तिथला व्यास ५९० मिलिमीटर. आणि त्या गुबगुबीत टायरचा ५५९. एकतीस मिलिमीटरचा फरक साबणाच्या पाण्याने भरून निघत नाही. गंमत अशी, की गणितात पावणेदोन आणि १.७५ ही एकच संख्या. पण टायरच्या व्यवहारात '२६ × १ ३/४' आणि '२६ × १.७५' यांच्या रिमा वेगळ्या! त्याहून पुढची गंमत ऐका. वडिलांच्या अठ्ठावीस इंची सायकलीचे माप ६३५, आणि हल्लीच्या एकोणतीस इंची सायकलींचे ६२२. म्हणजे एकोणतीसची रिम अठ्ठाविसापेक्षा लहान. 'कर' या एका शब्दाचे हात आणि सरकारी पट्टी असे दोन अर्थ होतात, हे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवतो आहे. आकड्यांनाही श्लेष करता येतो, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. म्हणून टायर घेताना इंच विचारू नका. कडेवर '३७-५९०' असा जोड-आकडा असतो, त्यातला दुसरा पाहा. पहिला टायरची रुंदी सांगतो, दुसरा रिम. दुसरा जुळला, तरच सोयरीक करावी.

मामांनी आढ्यावरून बरोबर मापाची जोडी काढली आणि पाच मिनिटांत चढवली. बाहेरून आणलेल्या टायरबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीच अपराधी चेहऱ्याने म्हटले, "मामा, हल्ली गिऱ्हाईक कसं आहे?"

"गिऱ्हाईक आहे की," ते म्हणाले. "सामान तिकडून आणतात, बसवायला इकडे येतात. पंक्चरच्या पैशात चहा निघतो रे, गाळ्याचं भाडं निघत नाही. भाडं निघतं ते टायर-ट्यूबवर. दिवाळीनंतर गाळा सोडावा म्हणतोय."

हे ते अगदी सहज म्हणाले. पाऊस थांबेलसे दिसते, असे म्हणावे तसे. मी मात्र घरी येईपर्यंत पेडल मारायचे विसरत होतो.

तो प्रश्न रात्री मी पुन्हा परिषदेपुढे ठेवला. चिरंजीव रागावले नाहीत, पण हटलेही नाहीत. म्हणाले, "बाबा, मामांकडे माझ्या सायकलची चेनच नसते. त्यांच्याकडची जाड, एक अष्टमांश इंचाची. गिअरच्या चकत्यांना बारीक लागते, तीन बत्तिसांशाची. मी कुठे जाऊ?"

मुलाचे म्हणणे खरे होते. वडिलांच्या काळी सायकल ही प्रमाण मराठीसारखी होती. कुठल्याही गावी जा, समजे. लुधियाना हे सुट्या भागांचे माहेरघर. १९५६ साली हीरो सायकल तिथेच सुरू झाली. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या अॅटलास कंपनीने ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, साहिबाबादच्या कारखान्याचे काम थांबवले. पण अॅटलास सायकली काही दुसऱ्या दिवशी थांबल्या नाहीत. कारण कॉटर पिन, छर्रे, वॉल्व्ह ट्यूब या वस्तू कंपनीचे नाव विचारत नाहीत. नव्या सायकलींच्या मात्र बोली निराळ्या. दर दोन-चार वर्षांनी नवा शब्द येतो आणि मामांसारख्या दुकानदाराने त्यातले किती टांगून ठेवायचे? पूर्वी ते महिन्यातून एकदा लोकलने सुमारे साठ किलोमीटर जाऊन काळबादेवीहून माल आणत. जो माल विकला जाईल याची खात्री नाही, तो आणायला भांडवल लागते.

तरीही एक गोष्ट मोबाईलला सांगता येत नाही. पेडल बसवताना डावीकडचे आटे उलटे असतात, हे न कळता जोर लावला, तर क्रँकचे आटे जातात. ते हाताला कळते आणि तो हात आपल्याला गल्लीत हवा असतो. अमेरिकेतल्या डेटनचे राइट बंधूही सायकलवालेच. १८९२ साली त्यांनी दुकान काढले आणि १९०३ साली विमान उडवले. प्रत्येक सायकलवाला विमान करील असे नव्हे. पण हातातले हे ज्ञान सव्वाशे रुपयांत मोजण्याजोगे नव्हे, एवढे खरे. मामा जे टायरवर घेतात, ती नुसती टायरची किंमत नसते. "हा तुझा नाही" हे सांगण्याची फी तिच्यातच असते.

शेवटी आमच्या घरात तह झाला. अंगावर घालायचे ते, म्हणजे हेल्मेट, हातमोजे, पावसाळी कोट, कुठूनही घ्यावे. डोक्याचे माप मात्र घालून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जे फिरते आणि जे थांबवते, म्हणजे टायर, ट्यूब, चेन, छर्रे, ब्रेक, ते बसवणाऱ्याकडूनच घ्यावे. त्याच्याकडे नसेल, तर त्याला आकडा लिहून द्यावा, तोच मागवील आणि चार दिवस आपण थांबावे. चार दिवस थांबणे ही माझ्या मुलाच्या पिढीला मोठी शिक्षा आहे. त्याने ती पत्करली, एवढेच नव्हे तर त्याच्या रविवारच्या सात मित्रांनाही ठोठावली.

दसऱ्याला मी मामांच्या दुकानी सोने द्यायला गेलो. पंपाला झेंडूची माळ होती, पान्यांना हळदकुंकू होते. भिंतीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी एक नवा पुठ्ठा टांगलेला दिसला. वर चिरंजीवांच्या अक्षरात ओळीने लिहिले होते: ५५९, ५९०, ६२२, ६३५; आणि प्रत्येकापुढे कुठली सायकल ते. खाली बारीक चेनीची दोन पाकिटे खिळ्याला लटकत होती.

"मामा, गाळ्याचं काय ठरलं?" मी भीतभीत विचारले.

त्यांनी माझ्या पुढच्या चाकाची हवा अंगठ्याने दाबून पाहिली, पंप लावला आणि म्हणाले, "होळीपर्यंत बघतो. तुझ्या पोराच्या सात चेनी यायच्यात अजून."