मागच्या युगात कोणीच राहत नाही

गेल्या वर्षी आमच्या शनिवारच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळासाठी मी एक जग रचलं. किनाऱ्यावर बंदर, तिथे तोफा, छापखाना, हुंड्या. घाटमाथ्यावर धनुष्यबाण वापरणारे लोक. त्यापलीकडच्या माळावर घोडेस्वारांच्या टोळ्या. खेळ सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, तर एक मित्र वैतागून म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या! एक काय ते युग ठरव. तोफा आल्यावर धनुष्यबाण कशाला उरतील?" त्याच जगातला बोलणारा ड्रॅगन मात्र त्याला अजिबात खटकला नव्हता.

फँटसी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्यांमध्ये हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. एका जगाचं एकच युग असावं, नाहीतर ते 'खरं' वाटत नाही. मला हा आक्षेप नुसता चुकीचा वाटत नाही, घातक वाटतो.

तो येतो कुठून हे मला ठाऊक आहे, कारण मीही तिथूनच आलोय. 'सिव्हिलायझेशन' हा कॉम्प्युटर गेम १९९१ साली आला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांवर माझ्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी रात्री गेल्या. त्यात तंत्रज्ञानाचा एक वृक्ष असतो. आधी हे शिका, मग ते उघडेल. चाक वगळलंत तर पुढची बरीच दारं बंद. खेळ म्हणून झकास, पण इतिहास म्हणून साफ खोटं. इंका लोकांकडे वाहतुकीसाठी चाक नव्हतं, लोखंड नव्हतं, आपण ज्याला लिपी म्हणू तीही नव्हती. तरी त्यांनी अँडीज पर्वतरांगांतून सुमारे ४०,००० किलोमीटर रस्ते बांधले, गवताच्या दोरांचे झुलते पूल टाकले आणि दोऱ्यांच्या गाठींमध्ये राज्याचा हिशोब ठेवला. या लोकांना त्या वृक्षाच्या कुठल्या फांदीवर बसवणार?

आणि दूर कशाला जायचं? १७६१ चं पानिपत घ्या. इब्राहिमखान गारद्याचं कवायती पायदळ आणि तोफखाना एकीकडे, भाले-तलवारी घेतलेलं मराठी घोडदळ दुसरीकडे, आणि दोन्ही एकाच छावणीत. तोफांच्या आडोशाने जमून लढायचं की गनिमी काव्याने, हा सदाशिवरावभाऊ आणि मल्हारराव होळकर यांच्यातला वाद मराठी वाचकाला सांगायला नको. एखाद्या फँटसी लेखकाने हे लिहिलं असतं तर माझा मित्र म्हणाला असता, युगांची भेसळ झाली. मी म्हणतो, गोष्ट आहे ती त्या भेसळीतच. दोन प्रकारची युद्धं एका सैन्यात नांदू शकतात का, हाच तर पेच होता.

दुसरा गैरसमज असा, की तंत्रज्ञान पुढारलेल्यांकडून मागासांकडेच वाहतं. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूच्या सैन्याकडे लोखंडी नळ्यांचे अग्निबाण होते. इंग्रजांनी ते आधी अंगावर झेलले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर काही अग्निबाण इंग्लंडला गेले, तिथे विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावरून स्वतःचे रॉकेट घडवले आणि १८०७ मध्ये ते कोपनहेगनवर पडले. यात पुढे कोण, मागे कोण?

तिसरा गैरसमज: शेजारी यंत्र आलं की आपण ते लगेच उचलतो. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये सुरू झाला. फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन लिपीत. देवनागरी टाइपात मराठीचं व्याकरण निघालं थेट १८०५ मध्ये, तेही बंगालात, श्रीरामपूरला. मधली जवळपास अडीचशे वर्षं मराठी माणूस झोपला होता का? नाही. दफ्तर मोडीत चालत होतं, कारकून भराभर लिहीत होते, राज्यकारभार अडत नव्हता. ज्याची गरज भासत नाही ते यंत्र कितीही जवळ असलं तरी दूरच राहतं.

माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. ज्या ॲपवर तुम्ही बोट टेकवता ते यंदाचं असतं. त्याच्यामागे पंधरा वर्षांपूर्वीचा कोड, त्याच्यामागे रात्री अकराला धावणारी एक फाईल, आणि त्या फाईलमागे एक्सेलमध्ये आकडे भरणारा एक माणूस. याला कोणी अवास्तव म्हणत नाही. कोण कशावर अवलंबून आहे एवढंच आम्ही विचारतो.

फँटसीलाही तेवढंच विचारावं. मित्राची एक गोष्ट मान्य: युगं मिसळणारी बरीच जगं भिकार असतात. पण ती मिसळल्यामुळे नव्हे, न मिसळल्यामुळे. जत्रेतल्या दुकानांसारखे लोक शेजारी शेजारी मांडलेले, आणि एकमेकांशी व्यवहार शून्य. 'हॉबिट'मध्ये बिल्बोच्या फडताळावर घड्याळ आहे. मला ते खटकत नाही, पण ते कोणी बनवलं हे जाणून घ्यायला आवडेल. बंदुकीच्या दारूला शोरा लागतो. युरोपच्या तोफांना तो बिहारमधून जहाजं भरभरून जात होता. मग तुमच्या जगातला शोरा कुठला? तो कोण खणतं, त्यावर कर कोण घेतं, आणि पुरवठा तुटला तर कोणाची तोफ थंड पडते? याची उत्तरं असतील तर खुशाल मिसळा.

हे सगळं खेळापुरतं असतं तर मी एवढा तावातावाने लिहिलं नसतं. पण ही शिडी डोक्यात बसली की आपण ती जिवंत माणसांना लावतो. अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावरच्या लोकांना बातम्यांत सर्रास 'अश्मयुगीन' म्हटलं जातं. १९८१ मध्ये 'प्रिमरोज' नावाचं मालवाहू जहाज त्या बेटाच्या प्रवाळखडकात अडकलं. त्याचं लोखंड बेटावरच्या लोकांनी काढून नेलं आणि आपल्या हत्यारांना लावलं. हे अश्मयुग नव्हे. बाहेरून काय घ्यायचं आणि काय नाही, हे ठरवणारे आपल्याच काळातले लोक आहेत. 'मागास' या शब्दातच एक रस्ता गृहीत धरलेला आहे: सगळे एकाच दिशेने निघालेत, आणि काही जण मागे पडलेत. एकदा असं मानलं की त्यांची जमीन घेणं म्हणजे त्यांना 'पुढे आणणं' ठरतं.

माझ्या खेळात पुढे काय झालं? बंदराच्या तोफांना लागणारा शोरा घाटमाथ्यावरच्या गुहांत निघतो, हे खेळाडूंना चौथ्या शनिवारी कळलं. धनुष्यबाणवाल्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. मित्र बराच वेळ नकाशाकडे बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे आपण यांच्याशी बोलायला हवं होतं."