यंत्राची मुखत्यारी

गुदाशयाचा कर्करोग म्हटला की रोबो, आणि रोबो म्हटला की पुणे-मुंबई, असे समीकरण माधवनगरच्या यंत्रमागवाल्यांपासून सांगलीच्या पेठेतील अडत्यांपर्यंत हल्ली रूढ होऊ पाहत असून, यंत्राविना झालेली शस्त्रक्रिया दुय्यम प्रतीची, या समजुतीने शेताचे गहाणखत करावयास निघणारे आप्तही विरळा नाहीत. वस्तुतः हे यंत्र स्वतः होऊन काहीच करीत नाही. शल्यविशारद जेवढा हात हलवील तेवढेच त्याचे बाहू हलतात, आणि निर्णयाची मुखत्यारी कोणी त्याच्या नावे लिहून दिलेली नाही.

या शस्त्रक्रियेचा कायापालट झाला तो यंत्राने नव्हेच. गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड राखून, त्याच्या नैसर्गिक पातळीतून सोडवून काढावे, हे इंग्लंडातील बिल हील्ड यांनी १९८२ साली प्रतिपादिले, आणि त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण घटले. ते वेष्टन फाटले, तर फाडणारे हत्यार किती महागाचे होते याला काय किंमत? दहा देशांतील ४७१ रुग्णांवरील 'रोलार' चाचणीत (२०१७) मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण रोबोच्या बाजूस ८.१ आणि साध्या दुर्बिणीच्या बाजूस १२.२ टक्के भरले. हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो.

यावर प्रतिपक्ष चीनमधील अकरा रुग्णालयांत झालेल्या चाचणीचा दाखला देईल, आणि तो त्याने द्यावाच: २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तीन वर्षांत रोग स्थानिक उलटण्याचे प्रमाण रोबोने १.६, तर दुर्बिणीने ४ टक्के होते. पुरुषाच्या अरुंद कटिरात वळणारे मनगट आणि स्थिर, त्रिमित दृष्टी यांचा उपयोग होतो, हे मला निःसंशय मान्य आहे. परंतु तेथील शल्यविशारद दोन्ही पद्धतींत मुरलेले होते, आणि नवशिक्याच्या हाती यंत्र दिल्याने तो मुरत नाही. म्हणून यंत्राच्या चौकशीआधी, आपण वर्षाकाठी गुदाशयाच्या किती शस्त्रक्रिया करता, एमआरआय पाहून किरणोपचार आधी द्यावयाचे की नाही हे कोण ठरविते, अशी विचारणा व्हावी. १८९४ साली वॉनलेस रुग्णालय ज्या मिरजेत उभे राहिले, त्या मिरजेच्या शेजाऱ्यांना ही विचारणा जड जाऊ नये.

आणि शस्त्रक्रियेच्याही आधी प्रश्न येतो तो निदानाचा: मूळव्याध समजून रक्तस्रावावर महिनोन्‌महिने चूर्णे घेणाऱ्याची खालच्या भागातील गाठ पुष्कळदा हातमोजा घातलेल्या बोटालाच लागते. ती तपासणी गावातल्या कोणत्याही दवाखान्यात होते, पण रुग्णाच्या लाजेपायी आणि वैद्याच्या घाईपायी टळते.