अंगारा कुठे लावायचा?

अहमदाबादला विमान पडले ते 12 जून 2025 ला, गुरुवारी दुपारी. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या डहाणू-विरार लोकलच्या लेडीज डब्यात दुसरा विषय नव्हता. सफाळ्याला भाजीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायका, विरारला गाडी बदलून अंधेरी-दादर गाठणाऱ्या नोकरदार मुली, नर्सिंगला जाणाऱ्या पोरी, सगळ्यांच्या फोनवर तोच एक व्हिडिओ. इमारतींच्या मागे हळूहळू खाली उतरत जाणारे विमान आणि मग तो आगीचा लोळ. ‘आपुन नाय गो बसनार त्या इमानात. टमटममधी बसू, टेम्पोत बसू, पन इमान नको,’ एक बाई सांगत होती. सांगत होती ती दारात उभी राहून, एका हाताने मधल्या दांड्याला धरून, दुसऱ्या हाताने पाटी सावरत. गाडी वैतरणेच्या पुलावर होती, खाली खाडीचे पाणी दिसत होते आणि बाईची अर्धी टाच डब्याच्या बाहेर होती.

तिला हसायचा अधिकार मला नाही, कारण डब्यातल्या आम्ही सगळ्याच माना डोलावत होतो. त्याच आठवड्याच्या सोमवारी, 9 जूनला, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना घासून जाताना दारात लटकलेली माणसे खाली पडली होती, त्यातली काही दगावली होती. त्यावर दीड दिवस बोलणे झाले. मग विमान पडले आणि मुंब्रा मागे पडले. 2024 या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर 2,468 माणसे मेली. रूळ ओलांडताना, दारातून पडून, खांबाला आपटून. म्हणजे दिवसाला जवळपास सात. ही सात माणसे रोज वेगवेगळ्या स्टेशनांवर, वेगवेगळ्या वेळी जातात, म्हणून त्यांची बातमी होत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या शेजारच्या काकू मस्कतला लेकीकडे निघाल्या. पहिलाच विमानप्रवास, तोही अहमदाबादनंतर. घरातले वातावरण ऑपरेशनला नेतात तसे. देवापुढे नारळ ठेवला, कपाळाला अंगारा लावला, पुडी बांधून पर्समध्ये दिली, ‘विमान हलायला लागलं की रामरक्षा सुरू कर’ असे तीनतीनदा सांगून झाले. रात्री अकराला गाडी आली. आम्ही सातजण, पाचाच्या गाडीत. काकू मधल्या सीटवर, मांडीवर पुतण्याचा मुलगा. मी पट्टा शोधला तर पट्टा होता, पण त्याचे बक्कल सीटकव्हरच्या खाली गेले होते. ड्रायव्हर म्हणाला, ‘मागे कोण लावतंय मॅडम? कव्हर खराब होतं.’

तांदुळवाडीचा घाट, मग पारगाव, मग वरई फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. या रस्त्याने रात्री गेलेल्या माणसाला पुढचे वर्णन नको. मागचा दिवा नसलेले ट्रेलर. मधल्या लेनमध्ये बंद पडलेला कंटेनर आणि त्याच्यामागे इशारा म्हणून रस्त्यात ठेवलेले चार दगड आणि झाडाची एक फांदी. फांदीची पाने ताजी होती, म्हणजे गाडी नुकतीच बंद पडली असावी. ढाब्यासमोरच्या दुभाजकातल्या कटमधून एक मोटारसायकल आमच्या समोरून, उलट्या दिशेने, दिवा न लावता निघून गेली. तिघे बसले होते. ड्रायव्हरने ब्रेक मारला, शिवी घातली आणि पुन्हा फोन कानाला लावला. ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती,’ काका पुढून म्हणाले आणि सगळे हसले. आपल्याकडे रस्त्यावरच्या प्रसंगाचा निकाल या एका वाक्यात लागतो. काकूंचे लक्षच नव्हते. त्या विचारत होत्या, विमान वर जाताना कान दुखतात का.

दुसऱ्या दिवशी मस्कतहून फोन आला, सुखरूप पोचले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आम्ही त्याच महामार्गाने पहाटे परत आलो होतो, ते सुखरूप पोचलो का, हे कुणी विचारले नाही. विचारण्यासारखे त्यात काही आहे असे कुणाला वाटलेच नाही.

आता थोडे आकडे. 2023 साली भारतातल्या रस्त्यांवर 1,72,890 माणसे मेली. हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे. दिवसाला 470 हून अधिक. अहमदाबादच्या ड्रीमलायनर विमानाच्या अपघातात आतले 241 आणि जमिनीवरचे 19, असे 260 जीव गेले. आपल्या रस्त्यांना तेवढे जीव घ्यायला साधारण तेरा तास लागतात. आज सकाळी चहा घेताना सुरुवात केली तर रात्रीच्या जेवणापर्यंत एक ड्रीमलायनर. उद्या पुन्हा.

विमानाची बाजू पाहायची तर अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक अर्नोल्ड बार्नेट यांनी वर्षानुवर्षे हाच हिशेब केला आहे. 2018 ते 2022 या काळात जगभरात माणसे विमानात सुमारे 1 कोटी 37 लाख वेळा चढली की त्यामागे सरासरी एक प्रवासी दगावला. 1968 ते 1977 या दशकात हेच प्रमाण साडेतीन लाखांमागे एक होते. या आकड्यांबद्दल एक शंका रास्त आहे. ही सरासरी सगळ्या जगाची आहे आणि विमानात बसणाऱ्यांची आहे. सफाळ्यातल्या निम्म्या लोकांनी विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिले आहे. विमानाचा धोका मुख्यतः चढता-उतरताना असतो, रस्त्याचा किलोमीटरगणिक वाढतो, तेव्हा दोन्ही एका तराजूत घालताना कसरत करावीच लागते. पण कसाही मांडा, पारडे फिरत नाही.

हे काकूंना सांगितले असते तर त्या ‘हो का’ म्हणाल्या असत्या आणि अंगारा लावला असताच. भीती आकडे वाचत नाही. चॉन्सी स्टार नावाच्या अमेरिकन अभियंत्याने 1969 मध्ये मांडले होते की, स्वतःहून पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्याच्या हजारपट सहन करतो. पुढे पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस गोष्टींची यादी करून लोकांना विचारले, यातले सर्वांत धोक्याचे काय? सामान्य बायकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या गटांनी अणुवीज पहिल्या क्रमांकावर ठेवली. तज्ज्ञांनी पहिल्या क्रमांकावर ठेवली मोटारगाडी आणि अणुवीज विसाव्या.

ही यादी आमच्या पट्ट्यात वाचताना गंमत वाटते. बोईसरच्या पलीकडे तारापूरचे अणुवीज केंद्र 1969 पासून उभे आहे, देशातले पहिले. त्याच्याविषयी आमच्या लहानपणापासून काय काय कुजबुजले गेले! आणि शेजारच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यांत स्फोट होत राहिले, जानेवारी 2020 मधल्या स्फोटाचा आवाज तर कित्येक किलोमीटरवर ऐकू गेला, पण तिथल्या कामाला जाताना कुणाला आई अंगारा लावत नाही. ज्यांच्या डोक्यातून हे अणुवीज प्रकरण निघाले ते होमी भाभा 24 जानेवारी 1966 ला एअर इंडियाच्या ‘कांचनजंगा’ विमानाबरोबर माँ ब्लाँच्या डोंगरावर गेले. आजही बोईसरला चहाच्या टपरीवर विषय निघाला की कुणीतरी घातपाताची गोष्ट सांगतो. विमान साधे पडले हे आपल्याला पटत नाही. ट्रकने उडवले हे मात्र लगेच पटते.

रस्त्यावर निदान स्टिअरिंग तरी आपल्या हातात असते, हे उत्तर मला नेहमी ऐकवले जाते, विशेषतः पुरुषांकडून. कुणाच्या हातात? काकूंच्या? मांडीवरच्या पोराच्या? महामार्ग ओलांडून शाळेत जाणाऱ्या पाड्यावरच्या मुलीच्या? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर मेलेल्यांत साधारण पाचवा हिस्सा पायी चालणारे होते आणि 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. पायी चालणाऱ्याच्या हातात फार तर पिशवी असते.

आणि ज्यांच्याकडे चांगली गाडी आणि सगळे काही होते, त्यांचेही आमच्याच जिल्ह्यात काय झाले ते देशाने पाहिले. 4 सप्टेंबर 2022, रविवार. उदवाड्याहून मुंबईला निघालेली मर्सिडीज चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल मागच्या सीटवर होते, ते दोघे गेले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. जगातल्या उत्तम गाड्यांपैकी एक, आतमध्ये एअरबॅगा, आणि शेवटी फरक पडला तो पट्ट्याने. विमानात हवाई सुंदरी येऊन वाकून पाहते, तुमचा पट्टा लागला की नाही, आणि अब्जाधीशही मुकाट्याने लावतो. गाडीत तेच सांगणारे कुणी नसते.

त्या अपघातानंतर चौकशा झाल्या. तीन पदरी रस्ता पुलाशी येऊन एकदम दोन पदरी होतो, कठडा रस्त्यात घुसल्यासारखा येतो, तिथे पुरेशा सूचना नाहीत, असे पुढे आले. त्याच वेळी हेही छापून आले की घोडबंदर ते दापचरी या सुमारे शंभर किलोमीटरच्या पट्ट्यात त्या वर्षात तोवर 262 अपघात होऊन किमान 62 माणसे मेली होती. त्यांच्यासाठी पुलाची रुंदी कुणी मोजली नव्हती. मुंबई पोलिसांनी 1 नोव्हेंबर 2022 पासून मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा केला. नियम पुस्तकात आधीपासून होता, तो माहीत व्हायला इतका मोठा माणूस जावा लागला.

मला जे म्हणायचे आहे ते इथे आहे. विमानाला घाबरू नका, असे मी कुणाला सांगणार नाही. त्या भीतीनेच विमान सुरक्षित केले. 1 जानेवारी 1978 च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले, 213 जण गेले. आमच्याकडची जुनी माणसे अजून सांगतात. त्या एका अपघातात वैमानिकासमोरचे एक यंत्र चुकीचे दाखवत होते का, इथपर्यंत खोदकाम झाले. 1996 च्या नोव्हेंबरमध्ये हरियाणात चरखी दादरीवर दोन विमाने हवेत आदळून 349 माणसे मेली, त्यानंतर समोरून येणाऱ्या विमानाची सूचना देणारी यंत्रणा भारतात सक्तीची झाली. अहमदाबादचा प्राथमिक अहवाल महिन्याभरात, 12 जुलैला आला. उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने बंदवर गेले, हे त्यात लिहिले होते. ते का गेले यावर वाद पेटला, तो वेगळा. पण सेकंदाचा हिशेब तुमच्या-माझ्यासारख्याला वाचायला मिळाला.

वरई फाट्यावर माणूस मेला तर काय होते? पंचनामा. ‘अज्ञात वाहनचालकाविरुद्ध गुन्हा’, किंवा चालक सापडला तर त्याच्यावर निष्काळजीपणाचा. पेपरात चार ओळी. वाहने क्रेनने बाजूला, काचा झाडून, तासाभरात वाहतूक सुरळीत. दुभाजकातला तो कट कुणी पाडला, कुणाच्या परवानगीने, दिवा का नव्हता, कंटेनर किती वेळ उभा होता, हायवेची गस्त कुठे होती, जखमीला मनोरहून पुढे न्यायला किती वेळ लागला, यातला एकही प्रश्न कुठल्याच कागदावर येत नाही. दोष मेलेल्याचा, नाहीतर पळालेल्याचा. सरकारच्या व्याख्येप्रमाणे राष्ट्रीय महामार्गाच्या पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले की तो ‘ब्लॅक स्पॉट’. म्हणजे नऊ मृत्यूंपर्यंत, अपघात मोजके असतील तर, ती जागा कागदावर बरी आहे. नऊ मृत्यूंवर कुठली विमान कंपनी असे म्हणू शकेल?

परवा गावात नव्या रोरोचा विषय निघाला. 2025 मध्ये जलसार ते विरारचे मारंबळपाडा अशी बोट सुरू झाली, महामार्गाचा मोठा वळसा वाचतो. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, गाड्या चढवल्यावर बुडणार तर नाही ना? विचारलाच पाहिजे, आणि बोटीवर जॅकेट किती आहेत तेही मोजले पाहिजे. फक्त तोच प्रश्न त्या वळशालाही विचारू.

म्हणून येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडावा, अशी माझी महामार्गालगतच्या सगळ्या गावांना विनंती आहे. जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती आहे. तिच्याकडे मागणी करा की आपल्या हद्दीत रस्त्यावर झालेल्या प्रत्येक मृत्यूचा अहवाल तीस दिवसांत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, आणि त्यात चालकाच्या चुकीबरोबर रस्त्याचीही चूक लिहिलेली पाहिजे. विमान अपघाताच्या प्राथमिक अहवालाला तीस दिवसांचा नियम आहे, रस्त्याला का नसावा, याचे उत्तर लेखी मागा. आणि हे वाचून आज कुठे निघणार असाल तर सीटकव्हरखालचे बक्कल आधी बाहेर काढा.