हळदीचा रंग ‘दुरुस्त’ करणारी आज्ञावली

आम्ही दोघे उपनगरांतील महाविद्यालयांत मराठी शिकवतो. छायाचित्रणाविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो किती, असे सुज्ञ वाचक विचारतील, आणि ते रास्तच आहे. ह्या लेखाचे निमित्तही तसे क्षुल्लक आहे. आमचा एक माजी विद्यार्थी मुलुंडला लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. त्याच्या काही ग्राहकांना अल्बमच्या पानांवर मराठी ओळी हव्या असतात. त्याच त्या इंग्रजी ओळींचा लोकांना आता वीट आला आहे म्हणे. त्या ओळी लिहून देण्याची वेठबिगारी (त्याचा शब्द ‘सेवा’) आम्ही गेली काही वर्षे करीत आलो आहोत. गेल्या मार्गशीर्षात अशाच कामासाठी त्याच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर गेलो, तर तिथे त्याचे दोन व्यवसायबंधू जमलेले. एक बोरिवलीचा, तिशीतला. दुसरे घाटकोपरचे, पन्नाशी ओलांडलेले. रॉ छायाचित्रांची निवड आणि रंगसंस्करण स्वतःहून करणारी एक नवी आज्ञावली त्यांनी काही दिवसांच्या चाचणीसाठी घेतली होती आणि एका लग्नाची साडेचार हजार छायाचित्रे तिच्या हवाली केली होती. (‘आज्ञावली’ हा शब्द आम्ही उच्चारला की आमचा विद्यार्थी हसतो. हसो बापडा.)

पहिली प्रतिक्रिया निर्भेळ आनंदाची होती. ज्या ‘सिलेक्शन’ला दोन रात्री जातात, ते आम्ही चहा पिऊन येईपर्यंत उरकले होते. बोरिवलीच्या तरुणाने तेवढ्यात महिन्याच्या वर्गणीचा आणि वाचणाऱ्या रात्रींचा हिशेबही मांडला. मग त्यांनी हळदीची छायाचित्रे उघडली आणि माडीवर शांतता पसरली. नवरीच्या गालांवरची हळद फिकी झाली होती. पिवळ्या साड्या मलईच्या रंगाच्या दिसत होत्या, मांडवातली झेंडूची तोरणे निस्तेज पडली होती. आज्ञावलीने सगळी हळद ‘दुरुस्त’ केली होती.

“सर, हिला वाटलं बल्बचा पिवळेपणा आहे,” आमचा विद्यार्थी म्हणाला.

हे वाक्य आम्ही त्याच रात्री टिपून ठेवले, कारण त्यात एका यंत्राची नेमकी समीक्षा आहे. ती समजण्यासाठी रॉ म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. कॅमेऱ्यातील संवेदकावर बारीक रंगीत गाळण्यांची जाळी असते. कोडॅकमधील ब्राइस बायर ह्यांना १९७६ मध्ये तिचे पेटंट मिळाले आणि आजही बहुतेक कॅमेरे तिच्यावरच चालतात. ह्या जाळीमुळे प्रत्येक बिंदू एकच रंग मोजतो: निम्मे बिंदू हिरवा, पाव लाल, पाव निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात. म्हणजे कोणत्याही रंगीत छायाचित्रातील दोन-तृतीयांश रंग हे मुळात अनुमान असते. नेहमीच्या जेपेगमध्ये कॅमेराच हे अनुमान करून मोकळा होतो आणि प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या ठेवून बाकीचा तपशील टाकून देतो. रॉमध्ये मोजमापे तशीच राहतात, १२ बिटांच्या नोंदीत ४,०९६ पायऱ्या आणि १४ बिटांच्या नोंदीत १६,३८४. पांढरा कशाला म्हणायचे, हा निर्णयही पुढे ढकलता येतो. हाच तो ‘व्हाइट बॅलन्स’. तो ठरवण्याची जुनी यांत्रिक रीत साधी आहे: सगळ्या चित्रावर एकाच रंगाची छटा दिसली, तर तो प्रकाशाचा दोष समजून काढून टाकायचा. नव्या आज्ञावल्या हजारो चित्रे पाहून शिकलेल्या असतात. परंतु त्या चित्रांत हळदी किती होत्या, हे आपल्याला कोण सांगणार? दिव्याचा पिवळा आणि हळदीचा पिवळा ह्यांत आकड्यांच्या पातळीवर फारसे अंतर नसते. अंतर असते ते मांडवात, आणि तिथे कोणीतरी हजर असावे लागते.

घाटकोपरच्या गृहस्थांना ह्या प्रसंगाने वीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. २००५च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलचे ‘अ‍ॅपर्चर’ बाजारात आले, जानेवारी २००६ मध्ये अ‍ॅडोबीने ‘लाइटरूम’ची चाचणी आवृत्ती खुली केली (ती आधी फक्त मॅकिंटॉशवर चाले) आणि फेब्रुवारी २००७ मध्ये तिची विक्रीची पहिली आवृत्ती निघाली. एकेक चित्र उघडून रंगवण्याऐवजी हजारो रॉ चित्रे एकाच ठिकाणी लावायची, निवडायची, संस्कारायची, ही कल्पना तेव्हा नवी होती. जगभरातल्या पहिल्या तक्रारी बहुतांशी वेगाच्या आणि किमतीच्या होत्या. अ‍ॅपर्चर आले तेव्हा ४९९ डॉलरांचे होते, पुढच्याच एप्रिलात ते २९९वर आणावे लागले. ह्या गृहस्थांनी लाइटरूम पहिल्यांदा पाहिले तेव्हाची त्यांची तक्रार मात्र निराळी होती. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते: “सेव्ह कुठे करायचं?” आणि “फोटो गेले कुठे?”

शिकवणारा तंत्रज्ञ तेव्हा हसला होता, असे ते म्हणाले. आम्हांला मात्र हे दोन्ही प्रश्न अत्यंत मार्मिक वाटतात. लाइटरूममध्ये ‘सेव्ह’ नव्हते, कारण मूळ चित्राला हातच लागत नव्हता. उजेड इतका वाढवा, सावली इतकी उचला, अशा सूचना तेवढ्या एका सूचीत नोंदल्या जात. आमच्या विषयातले उदाहरण द्यायचे तर भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये आरंभलेली आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आठवावी. तिथे पोथ्या पोथ्यांच्या जागी राहतात. संपादक आपला पाठ सिद्ध करतो आणि नाकारलेले पाठभेद तळाशी देतो, म्हणजे पुढचा अभ्यासक त्याच्याशी भांडू शकतो. डिजिटल चित्राच्या बाबतीत असे भांडण ह्या आज्ञावल्यांनी रोजच्या कामात सोपे केले, हे त्यांचे मोठेच उपकार होत. दुसऱ्या प्रश्नाचेही तसेच. सूचीला चित्राचा फक्त पत्ता ठाऊक असे. फोल्डर बाहेरून हलवले की चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह उमटे. “म्हणजे फोटो माझा आणि त्यावरचं काम तिचं,” असे ते गृहस्थ तेव्हाच म्हणाले होते म्हणे. २०१४ मध्ये अ‍ॅपलने अ‍ॅपर्चर गुंडाळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांची वर्षांची मेहनत त्या सूचीत होती त्यांची मूळ चित्रे शाबूत राहिली. त्यांवरचे संस्कार जसेच्या तसे, पुन्हा बदलता येतील असे, दुसरीकडे नेता येईनात. २०१७ मध्ये अ‍ॅडोबीनेही लाइटरूमच्या नव्या आवृत्त्या एकरकमी परवान्याने विकणे थांबवले. आता वर्गणी थकली तर चित्रे दिसतात, बाहेरही काढता येतात, पण ‘डेव्हलप’चे दार बंद होते. घाटकोपरच्या दुकानात हे सारे आधीच उच्चारले गेले होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे. नव्या साधनावरील कारागिराची पहिली प्रतिक्रिया ‘नव्याची भीती’ म्हणून निकालात काढण्याची आपल्याला सवय आहे. आमच्या मते साधन पूर्णपणे दिसते ते त्या पहिल्या काही तासांतच. महिन्याभराने हात त्याला सरावतो आणि मग साधन दिसेनासे होते. कवितेच्या पहिल्या वाचनात जी शंका येते, ती दहाव्या वर्षी तीच कविता वर्गात शिकवताना कशी हरवते, हे आम्ही स्वतःवरून जाणतो. फिकी हळद पहिल्या दिवशी खटकली. सहा महिन्यांनी ती ‘क्लीन लुक’ म्हणून ओळखली जाईल, आणि ग्राहकच तसा रंग मागू लागेल.

ह्यात नवे ते काय, असेही कोणी म्हणेल. रंगांचे पृथक्करण करून लोकांची अभिरुची घडवण्याचे काम आमच्या उपनगराला परके नाही. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ मध्ये घाटकोपरलाच सुरू झाला आणि काही वर्षांनी मळवलीला गेला. तिथेही एका चित्राचे रंग अनेक दगडांवर वाटले जात, आणि कोणता रंग कोणत्या दगडावर जाईल हे कोणीतरी ठरवी. लक्ष्मी-सरस्वतीची जी कांती आपल्या घराघरांत पोचली, ती अशा निर्णयांतून. जुन्या स्टुडिओंचा तर आम्ही मुळीच गौरव करणार नाही. स्थळे पाहण्यासाठी पाठवायच्या छायाचित्रांत निगेटिव्हवर पेन्सिल चालवून मुली उजळ करण्याचा उद्योग तिथे राजरोस चाले. आमच्यापैकी एकीच्या मावशीचे तसे एक छायाचित्र घरात आहे आणि त्यातली बाई मावशी वाटत नाही. परदेशातही कोडॅकच्या प्रयोगशाळांमधून रंग जुळवण्यासाठी जी ‘शर्ली कार्डे’ जात, त्यांवर अनेक दशके गोऱ्या बाईचाच चेहरा असे, आणि सावळ्या कातडीचे काय होते ह्याची चौकशी फार उशिरा झाली. तेव्हा पूर्वी सत्य होते आणि आता असत्य आले, असा आमचा दावा नाही. परंतु पेन्सिल चालवणारा माणूस दुकानात बसलेला असे. मावशीच्या वडिलांना हवे असते, तर त्याच्याशी भांडता आले असते.

त्या संध्याकाळी खरे महत्त्वाचे दिसले ते पुढेच. आज्ञावलीने बाजूला काढलेल्या चित्रांचा ढीग घाटकोपरच्या गृहस्थांनी सवयीने उघडला. बोरिवलीचा तरुण म्हणाला, “काका, ते रिजेक्ट आहेत, सोडा.” काकांनी सोडले नाहीत. हललेली चित्रे, एकसारखी चित्रे, आणि डोळे मिटलेली चित्रे. ह्या तिसऱ्या गटात मंगलाष्टकांचा जवळजवळ सगळा भाग गेला होता. वाचकांनी एखादे लग्न डोळ्यांपुढे आणावे. अंतरपाट धरलेला आहे, ‘सावधान’ झाले, चहूबाजूंनी अक्षता उडाल्या. त्या क्षणी मांडवात डोळे उघडे कोणाचे असतात? तांदूळ डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून सगळेच मिटतात, आणि काही जण दुसऱ्याही कारणाने मिटतात. कन्यादानाच्या वेळची नवरीच्या वडिलांची सात चित्रे होती. आज्ञावलीने त्यांतले एक ठेवले होते. त्यात वडील कॅमेऱ्याकडे पाहत होते, डोळे उघडे, चेहरा स्वच्छ. उरलेल्या सहांत त्यांनी डोळे मिटले होते आणि ओठ घट्ट आवळले होते.

आमच्या विद्यार्थ्याने ह्या सहांतले एक परत घेतले. त्याला तीन सेकंद लागले असतील. पण साडेचार हजारांच्या ढिगात ते तीन सेकंद कोणी द्यायचे, हा त्याचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. हॉलवाले, सजावटवाले आणि केटरर ह्यांचे पैसे झाले की उरलेल्यात फोटोवाला बसतो. करिझ्मा अल्बम महिन्यात हवा, पण काही चित्रे त्याच रात्री मोबाइलवर हवीत. दुकानाचे भाडे आहे, कॅमेऱ्याचे हप्ते आहेत. पूर्वी निवडीसाठी तो एका मुलाला बसवत असे. त्या मुलाचे काम ह्या वर्गणीने जाणार, हेही त्याने न विचारता सांगितले. तो आज्ञावली घेणार आहे. आम्ही त्याच्या जागी असतो तर आम्हीही घेतली असती. गोंगाट कमी करणारी यंत्रणा एप्रिल २०२३ मध्ये लाइटरूममध्ये आली, तेव्हा एकेका चित्राला मिनिटे लागतात म्हणून ह्याच मंडळींनी नाके मुरडली होती. आज मंद उजेडाच्या हॉलमध्ये फ्लॅश न मारता काढलेली त्यांची चित्रे पाहून आम्हीच चकित होतो.

मग मागणी काय? नाकारलेला ढीग एकदा तरी माणसाने पाहावा, आणि वेळ नसेल तर तो ढीग पुसून न टाकता लग्नघरी द्यावा. मूळ रॉ चित्राची किंमत आपल्याकडे स्पर्धांना कळली आहे, घरांना नाही. आरे वसाहतीतील वारली पाड्यात रात्री फिरणाऱ्या बिबट्याच्या ज्या छायाचित्रासाठी नयन खानोलकर ह्यांना २०१६ मध्ये ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत शहरी विभागाचे पारितोषिक मिळाले, त्या स्पर्धेत अंतिम फेरीसाठी मूळ फाइल सादर करावी लागते. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ने २०१५ मध्ये मूळ फाइलींशी ताडून पाहिल्यावर अंतिम टप्प्यातील सुमारे एक-पंचमांश चित्रे बाद केली. बिबट्याच्या चित्राला आपण साक्षीदार मागतो. लग्नाच्या चित्राला मात्र कोणी मागत नाही, आणि करारात त्याविषयी अवाक्षर नसते. हार्डडिस्क भरली की रॉ पुसले जातात. ग्राहकाला ते उघडता येणार नाहीत, हा फोटोवाल्यांचा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. घरातल्या मोडीतल्या कागदपत्रांविषयीही लोक हेच म्हणत आणि रद्दीवाल्याला बोलावत.

दुसरी मागणी आमच्या स्वतःच्या धंद्याकडे आहे. ‘हिला वाटलं बल्बचा पिवळेपणा आहे’ हे वाक्य पोटमाळ्यावर बोलले गेले आणि तिथेच विरले असते. आज्ञावलीच्या कंपनीकडे अभिप्रायाचा रकाना असतो. त्यात इंग्रजीत काय लिहावे, ह्यावर तिघे बराच वेळ घुटमळले आणि शेवटी त्यांनी पाचांपैकी चार तारे देऊन खिडकी मिटली. हळदीचा विषय त्यात कुठेच आला नाही. साहित्यसमीक्षा शिकवणाऱ्या आम्ही दोघे शेजारी बसलो होतो आणि त्या चार ताऱ्यांचे मराठी किंवा इंग्रजी करून देण्याचे आम्हांलाही तेव्हा सुचले नाही. नंतर विद्यार्थ्याला दूरध्वनी करून तो अभिप्राय आम्ही लिहून दिला, इंग्रजीत आणि मराठीत, अंतरपाट म्हणजे काय ह्या टिपेसह. अद्याप उत्तर आलेले नाही.

अल्बम मात्र छापून आला. हळदीची पाने त्याने हाताने पुन्हा रंगवली. त्याला एक पूर्ण रविवार लागला आणि त्याचे वेगळे पैसे त्याने लावले नाहीत. कन्यादानाच्या पानावर डोळे मिटलेले वडील आहेत. त्या पानासाठी आम्ही चार ओळी दिल्या होत्या. त्या त्याने काढून टाकल्या आणि आम्हांला विचारलेही नाही.